रॉ फोटोतला उजेड किती उचलावा?

खिडकीपाशी | १४ ऑगस्ट, रात्री १०:१२

गेल्या रविवारी दुपारी पावसाने तासभर उघडीप दिली, तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीत आई खिडकीच्या कट्ट्याशी बसून वाती वळत होती. मी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या फाइलमध्ये, एकच फोटो काढला. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ४००, अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ २.८ आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १/१२५ सेकंद अशी मापे होती. बाहेर ढगांतून झिरपणारा पांढरा लख्ख उजेड आणि आत फळीखालच्या पितळी डब्यांच्या रांगेवर जवळजवळ अंधार, अशी स्थिती होती. कॅमेऱ्याने खिडकीचा उजेड धरून मोजमाप केले आणि आईचा चेहरा काळवंडला.

रात्री ती फाइल लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये उघडली. एक्स्पोजर, म्हणजे एकूण उजेड, दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वाढवल्यावर चेहरा दिसू लागला, पण खिडकी पांढरीफटक झाली आणि लुगड्याचा उजेडाकडचा काठ पुसला गेला. हायलाइट्स (उजळ भाग) उणे १०० वर नेले, तर आकाश परत येण्याऐवजी चुना दिलेल्या जुन्या भिंतीसारखे राखाडी आणि सपाट झाले. शॅडोज (सावल्या) अधिक १०० केल्यावर फळीखाली लाल-निळे दाणे उगवले आणि चेहरा मेणाचा वाटू लागला. आईने फोटो पाहून विचारले, "मी वाती वळत होते तेव्हा तू ट्यूब लावली होतीस का?"

रॉमध्ये सगळे काही परत मिळवता येते, असे मी वर्षभर ऐकत आलो आहे. मग हे असे का झाले? एक्स्पोजर, हायलाइट्स, शॅडोज यांना हात लावण्याचा काही क्रम आहे का, आणि कुठे थांबायचे हे कशावरून ठरवायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

मध्यराखाडी | १४ ऑगस्ट, रात्री ११:०५

चांगला प्रश्न विचारला आहे. रॉमध्ये जेपेगपेक्षा पुष्कळ जास्त माहिती असते, पण जी माहिती सेन्सरने नोंदवलीच नाही ती कुठल्याही स्लायडरने येत नाही. तुमच्या फोटोत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत.

जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या मिळतात. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात. मात्र रॉमधली नोंद उजेडाच्या सरळ प्रमाणात होते, त्यामुळे या पायऱ्यांची वाटणी समान नसते. सर्वात उजळ स्टॉपला त्यातल्या अर्ध्या, म्हणजे ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, आणि असे करत सहाव्या स्टॉपपर्यंत उतरलो की हातात फक्त २५६ उरतात. तुमचे पितळी डबे त्याच तळघरात आहेत. एक्स्पोजरचा स्लायडर एक स्टॉप वाढवणे म्हणजे प्रत्येक आकड्याला दोनने गुणणे, आणि दोन स्टॉप म्हणजे चारने. गुणाकाराने पायऱ्या वाढत नाहीत, फक्त त्यांच्यातले अंतर वाढते.

खिडकीचे दुखणे याच्या उलट आहे. तिथे सेन्सरची बादली काठोकाठ भरली आणि पुढचे पाणी सांडून गेले. सांडलेले पाणी किती होते, हे बादलीकडे पाहून कळत नाही. म्हणून हायलाइट्स ओढल्यावर प्रोग्रामने पांढऱ्याच्या जागी राखाडी रंग भरला.

शिवडी_जेट्टी | १५ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मी दर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळा पाहून शिवडीच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायला जातो, आणि या प्रश्नाशी माझी गाठ तिथे रोज पडते. काळसर चिखलात पांढरे पक्षी उभे असतात. चौकटीचा बहुतांश भाग चिखलाने भरलेला, त्यामुळे कॅमेऱ्याला देखावा अंधारा वाटतो, तो एक्स्पोजर वाढवतो आणि कोवळ्या उन्हाकडच्या पाठीवरची पिसे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात. तुमच्या खिडकीपाशी हेच उलट झाले. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सगळे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो, त्याला चिखल कळत नाही आणि आईही कळत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली, म्हणून ती मुद्दाम लिहितो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंत कोणती छटा किती आहे याचा आलेख) आणि जळलेल्या भागाची लुकलुक, दोन्ही रॉवरून काढलेली नसतात. कॅमेरा आतल्या आत एक जेपेग तयार करतो, त्यावर पिक्चर स्टाइलचा (कॅमेऱ्यातल्या तयार रंगछटेचा) काँट्रास्ट आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती) चढवतो, आणि मग त्याचा हिस्टोग्राम दाखवतो. त्यामुळे पडद्यावर जळलेले दिसणारे पीस रॉमध्ये पुष्कळदा शाबूत असते. मी पिक्चर स्टाइल न्यूट्रल ठेवून काँट्रास्ट उतरवतो, म्हणजे पडद्यावरचे चित्र रॉच्या थोडे जवळ येते. माझ्या कॅमेऱ्यात लुकलुक सुरू झाल्यानंतर साधारण पाऊण स्टॉप जागा शिल्लक असते. तुमच्या कॅमेऱ्यात ती किती आहे, हे पांढऱ्या धुतलेल्या कपड्यावर पाव-पाव स्टॉप वाढवत फोटो काढून स्वतःच पाहावे लागेल.

लोकलमधून | १५ ऑगस्ट, सकाळी ९:१८

माझ्या फोनवर असाच खिडकीतला फोटो काढला, तर चेहरा आणि आकाश दोन्ही नीट येतात. मोठ्या कॅमेऱ्याला ते का जमू नये?

मध्यराखाडी | १५ ऑगस्ट, सकाळी ९:५०

फोन एका क्षणात अनेक फोटो काढून ते एकमेकांवर जुळवतो आणि तुम्हाला एकच दाखवतो. मोठ्या कॅमेऱ्यातही तीन वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो काढून नंतर जोडता येतात. पण वाती वळणारे हात थांबत नाहीत, त्यामुळे तीन फोटोंत बोटे तीन ठिकाणी येतील आणि जोडताना त्यांच्या सावल्या उरतील. अशा प्रसंगी एकच फोटो योग्य मोजमापाने काढणे बरे.

फोटॉन | १५ ऑगस्ट, दुपारी १:२६

मध्यराखाडी यांच्या पायऱ्यांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत नाही. आकडे बरोबर आहेत, पण अंधारातल्या दाण्यांचे खरे कारण पायऱ्या कमी असणे हे नाही, उजेडच कमी पडणे हे आहे. प्रकाश सेन्सरवर कणाकणाने पडतो आणि पावसाच्या थेंबांप्रमाणे तो कधीच अगदी समान पडत नाही. ही अनियमितता कणांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. एखाद्या पिक्सेलवर १०,००० कण पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. तिथे १०० च कण पडले, तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. त्यात सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक भागांची स्वतःची खरखर मिसळते. दाणे तिथे आधीपासूनच होते. शॅडोज उचलल्यावर ते आपल्याला दिसू लागले, इतकेच. १४ ऐवजी १६ बिटची फाइल असती, तरी डब्यांवरचे दाणे जवळपास तितकेच राहिले असते.

यातून व्यवहाराचा मुद्दा असा निघतो की काढतानाच सेन्सरवर जितका जास्त उजेड पडेल तितके चांगले, फक्त महत्त्वाचा पांढरा भाग जळू देऊ नये. हिस्टोग्राम शक्य तितका उजवीकडे ठेवा असे जे म्हणतात, त्याचे कारण हे आहे.

मध्यराखाडी | १५ ऑगस्ट, दुपारी २:०३

दुरुस्ती मान्य आहे. पायऱ्यांचे गणित सांगायला सोपे असल्यामुळे मी नेहमी तेच सांगत आलो, पण दाण्यांचे कारण तुम्ही म्हणता तेच आहे.

चौपाटीकर | १५ ऑगस्ट, सायंकाळी ६:३१

मी विसर्जनाला दरवर्षी गिरगाव चौपाटीवर असतो. माझा अनुभव रंगांच्या बाबतीतला आहे आणि तो धागाकर्त्यांच्या लुगड्याच्या काठाला लागू पडेल.

पहिल्या काही वर्षांत माझ्या फोटोंतला गुलाल म्हणजे एक लाल गोळा असायचा. त्यात कण नाहीत, घडी नाही, कपाळावरची सुरकुतीही नाही. हिस्टोग्राम मात्र नीट दिसायचा, कारण मी फक्त एकत्रित उजळपणाचा हिस्टोग्राम पाहत होतो. लाल, हिरवा आणि निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम लावल्यावर दिसले की लाल उजव्या भिंतीला टेकलेला आहे आणि इतर दोन बरेच मागे आहेत. सेन्सरवर दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक लाल आणि एक निळा असतो, आणि एकत्रित हिस्टोग्राममध्ये हिरव्याचे वजन सर्वात जास्त धरतात. त्यामुळे लाल एकटा जळला तरी तो हिस्टोग्राम कुरकुर करत नाही.

आता फाइल उघडल्यावर मी आधी एवढेच तपासतो की लाल खरोखर सेन्सरवर जळला आहे, की प्रोग्रामने व्हाइट बॅलन्स, प्रोफाइल (रंग दाखवण्याची तयार रीत) आणि सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) चढवल्यामुळे जळल्यासारखा दिसतो आहे. प्रोफाइल न्यूट्रल केले आणि तापमान जरा उतरवले की पुष्कळदा गुलालाचे कण परत दिसतात. परत आले, म्हणजे माहिती फाइलमध्ये होती. नाही आले, तर हट्ट सोडून द्यावा. म्हणूनच माझा क्रम व्हाइट बॅलन्स आणि प्रोफाइल आधी, एक्स्पोजर नंतर असा आहे. उलट केले, तर एक्स्पोजर दोनदा लावावे लागते.

सावली | १५ ऑगस्ट, रात्री ९:४४

सगळे तांत्रिक प्रतिसाद वाचले आणि त्यांतून शिकायला मिळाले. मला मात्र धागाकर्त्यांच्या आईंचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो. ट्यूब लावली होतीस का, असे त्यांनी विचारले, कारण त्या खोलीत उजेड कुठून येतो आणि कुठवर पोहोचतो, हे त्यांना आयुष्यभराच्या सवयीने माहीत आहे. खिडकीकडचा गाल उजळ, दुसरा गाल सावलीत, फळीखाली अंधार, हीच त्या खोलीची दुपार आहे. शॅडोज अधिक १०० करून दोन्ही गाल सारखे उजळले की उजेडाची दिशाच नाहीशी होते, आणि चेहरा मेणाचा दिसण्याचे कारण ते आहे. दाणे घालवण्यासाठी नॉइझ रिडक्शन वाढवले असेल, तर त्याने कातडीचा पोतही गेला असेल.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे. माझ्या बहिणीच्या लग्नाचा अल्बम एका स्टुडिओने करून दिला, त्यात आमच्या घरातल्या सगळ्या बायका गोऱ्या करून ठेवल्या होत्या. आमची आत्या सावळी आहे, तिच्या कपाळावर गोंदण आहे. चेहरे उजळवण्याच्या नादात ते गोंदण फिकट हिरवे होऊन जवळजवळ पुसले गेले. आत्याने अल्बम मिटला आणि काही बोलली नाही. तेव्हापासून मी चेहऱ्याचे एक्स्पोजर ठरवताना माणसाचा रंग आठवते, प्रोग्रामचे ऑटो बटण दाबत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याला त्याच्या जागी राहू द्यावे. तो मध्यम राखाडीच्या आसपास किंवा थोडा खाली असला, तरी त्यात काही चूक नसते.

डार्करूमवाला | १६ ऑगस्ट, सकाळी ८:१५

सावलीताई, आपला प्रतिसाद फार आवडला. मी फोर्टमधल्या एका वृत्तपत्राच्या डार्करूममध्ये २२ वर्षे प्रिंट काढले, म्हणून चार शब्द लिहितो.

आमच्या वेळी काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हचा नियम असा होता की एक्स्पोजर सावल्यांसाठी द्यायचे आणि डेव्हलपिंग उजळ भागांसाठी करायचे. निगेटिव्हवर सावलीत काही उमटले नाही, तर ते गेले ते गेलेच. उजळ भाग मात्र दाट झाला, तरी एन्लार्जरखाली (निगेटिव्हचा उजेड कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) त्याला जास्त वेळ देऊन तपशील काढता येई. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, ती याच समजुतीवर उभी आहे. डिजिटलमध्ये हा नियम उलटा होतो. इथे उजळ भाग एकदा भरला की संपला, आणि सावली मात्र दाण्यांची किंमत मोजून उचलता येते. ज्यांनी फिल्मवर हात बसवला त्यांना हे पचायला वेळ लागतो, मला दोन वर्षे लागली.

पण एक गोष्ट बदललेली नाही. आम्ही पूर्ण कागद कधी एकदम उजळवत नव्हतो. आधी चाचणीची पट्टी काढायची. कागदाच्या अरुंद तुकड्यावर पुठ्ठा सरकवत ५, १०, १५, २० सेकंद असे टप्पे द्यायचे, लाल दिव्यात ती पट्टी डेव्हलपरमध्ये हलवायची, फिक्स करून पांढऱ्या दिव्यात न्यायची आणि चेहऱ्यासाठी योग्य वेळ निवडायची. तो वेळ सबंध कागदाला. मग तारेच्या टोकाला चिकटवलेल्या नाण्याएवढ्या पुठ्ठ्याने डोळ्यांवरचा उजेड दोन-तीन सेकंद अडवायचा, आणि दोन्ही तळव्यांमध्ये फट ठेवून तेवढ्या फटीतून आकाशाला दहा सेकंद जास्त द्यायचे. हात सतत हलता ठेवायचा, नाहीतर कडा उमटते.

तुमचा एक्स्पोजरचा स्लायडर म्हणजे तो मूळ वेळ आणि मास्क म्हणजे तो पुठ्ठा. शॅडोजचा स्लायडर अख्ख्या फोटोतल्या सगळ्या सावल्यांना एकदम हात घालतो. तुम्हाला फक्त आईचा चेहरा हवा आहे, डबे नकोत. म्हणून एक्स्पोजर जरुरीपुरतेच वाढवा आणि उरलेला थोडा उजेड चेहऱ्यावर मास्कने, कडा भरपूर मऊ ठेवून द्या.

लेणीवाट | १६ ऑगस्ट, दुपारी १२:३७

इथे मला थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. अंधार राहू द्यावा हे व्यक्तिचित्राला मान्य आहे, पण तो सर्वांसाठी नियम होऊ नये.

मी कान्हेरीच्या लेण्यांची छायाचित्रे नोंदीसाठी काढतो. तिसऱ्या लेण्यातल्या चैत्यगृहात उजेड समोरच्या मोठ्या गवाक्षातून येतो आणि मागच्या खांबांपर्यंत पोहोचताना मावळून जातो. तिथे उभे राहिल्यावर डोळे हळूहळू अंधाराला सरावतात आणि खांबांच्या माथ्यावरचे कोरीवकाम दिसू लागते. कॅमेऱ्याचे डोळे असे सरावत नाहीत. ते कोरीवकाम दाखवण्यासाठी मी शॅडोज मोकळ्या मनाने उचलतो, कारण फोटोचा हेतूच तो आहे. तिथे मी तिपाईवर कॅमेरा लावून वेगवेगळ्या एक्स्पोजरचे फोटो घेतो, दगड हलत नाही ही त्यातली सोय. त्यामुळे सावलीत दाणेही येत नाहीत.

म्हणजे किती उचलावे, याचे उत्तर फोटो कशासाठी काढला यावर आहे.

सावली | १६ ऑगस्ट, दुपारी १:१०

मान्य आहे. तुम्ही तिथे उजेडाचे काम काढतानाच करून ठेवता, नंतर अंधारातून ओढून काढत नाही, हा फरक मला मोठा वाटतो.

आयएसओ१०० | १६ ऑगस्ट, दुपारी ३:२२

मग सरळ आयएसओ १०० वर थोडा अंडर, म्हणजे गडद, फोटो काढून नंतर संगणकावर उचलला तर? खिडकीही वाचेल आणि चेहराही येईल. आजकालच्या सेन्सरला आयएसओचा फरक पडत नाही, असे वाचले आहे.

फोटॉन | १६ ऑगस्ट, दुपारी ४:०५

काही सेन्सरच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे, सर्वांच्या नाही. घरच्या घरी तपासता येते. संध्याकाळच्या मंद उजेडात तिपाईवर कॅमेरा लावून एकाच शटरने आणि एकाच अ‍ॅपर्चरने एक फोटो आयएसओ १०० वर आणि दुसरा आयएसओ १६०० वर काढा. पहिला संगणकावर चार स्टॉप उचला आणि दोघांचे अंधारे कोपरे शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवा. दाणे सारखे दिसले, तर तुमची युक्ती तुमच्या कॅमेऱ्याला चालेल. आयएसओ १०० चा फोटो खरबरीत किंवा जांभळट दिसला, तर चालणार नाही.

मात्र एक घोटाळा टाळावा. शटर आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून फक्त आयएसओ उतरवला, तर सेन्सरवर पडणारा उजेड तेवढाच राहतो, आणि खिडकी वाचण्याची शक्यता वाढते. आयएसओ उतरवून त्याबरोबर शटरही वेगवान केला, तर उजेडच कमी पडतो आणि दाणे वाढणारच.

मुक्तस्रोत | १६ ऑगस्ट, रात्री ८:४८

ज्यांना लाइटरूमसाठी दरमहा पैसे भरायचे नाहीत त्यांच्यासाठी डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत. डार्कटेबलमध्ये कामाचा क्रम अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून तो इथे सांगतो. आधी एक्स्पोजर मॉड्यूलने मधल्या छटा जागेवर आणायच्या, म्हणजे या फोटोत आईचा चेहरा. त्या वेळी खिडकी पांढरी झाली तरी घाबरायचे नाही, कारण आत आकडे अजून कापले गेलेले नसतात. त्यानंतर फिल्मिक आरजीबीमध्ये पांढरा आणि काळा कुठे संपवायचा ते ठरवायचे, म्हणजे वरचा उजेड हळूहळू वाकून पांढऱ्यात मिसळतो, एकदम तुटत नाही. मग गरज वाटली तर टोन इक्वलायझरने एखादा थर अर्धा स्टॉप वर-खाली करायचा. लाइटरूममध्ये नावे वेगळी असली तरी मधल्या छटा आधी आणि टोके नंतर, हा विचार तिथेही तसाच लागू पडतो.

पावसाळी | १६ ऑगस्ट, रात्री १०:२०

टोकांचा विषय निघाला म्हणून लिहितो. हिस्टोग्राम डावीकडून उजवीकडे पूर्ण पसरलाच पाहिजे, असा एक नियम सर्रास सांगितला जातो, आणि त्या नियमाने मुंबईच्या पावसाचे पुष्कळ फोटो बिघडले आहेत. जुलैच्या सकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर उभे राहिले की मलबार हिल फक्त एका फिकट रेघेसारखी दिसते. समुद्र, आकाश आणि इमारती यांच्यात जेमतेम तीन-चार छटांचा फरक असतो. त्या देखाव्यात खरा काळा नसतो आणि खरा पांढराही नसतो. तिथे ब्लॅक्स आणि व्हाइट्स ताणून टोकांना नेले, की हवेतला ओलावा निघून जातो आणि जुलैची सकाळ जानेवारीची होते.

डिहेझचा, म्हणजे धुके कापणारा, स्लायडर तर पावसाच्या फोटोला मी लावतच नाही. झालाच तर उणे बाजूला पाच.

प्रिंटची_वाट | १७ ऑगस्ट, सकाळी १०:०२

सगळ्यांनी स्लायडरवर लिहिले, पण पडद्यावर कोणी लिहिले नाही. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ ठेवून रात्री अंधाऱ्या खोलीत एडिट केले, तर फोटो हमखास प्रमाणाबाहेर गडद ठेवला जातो, कारण पडदाच दिव्यासारखा पेटलेला असतो. मग प्रिंट काळपट आला की आपण लॅबला दोष देतो. मी तीन वर्षे एका लॅबला दोष देत होतो. पडदा कॅलिब्रेट करून (यंत्राने मोजून प्रमाणात आणून) उजळपणा १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणला, आणि त्याच लॅबमधून प्रिंट बरोबर येऊ लागले. कॅलिब्रेटर नसेल तर पडद्याशेजारी पांढरा कागद धरून, खोलीतल्या नेहमीच्या दिव्यात पडद्यावरचा पांढरा त्या कागदाइतकाच दिसेपर्यंत उजळपणा कमी करावा. काटेकोर नाही, पण काम भागते.

खिडकीपाशी | १८ ऑगस्ट, रात्री ११:३३

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून फाइल नव्याने केली, त्यात काय दिसले ते लिहितो.

प्रथम सगळे स्लायडर शून्यावर आणले आणि पडद्याचा उजळपणा कागदाशी जुळवला, तो जवळजवळ निम्म्यावर आला. प्रोफाइल अ‍ॅडोबी न्यूट्रल केले, व्हाइट बॅलन्स ६२०० केल्व्हिनच्या आसपास बसला. मग एक्स्पोजर शून्यावर असतानाच अल्ट दाबून व्हाइट्सचा स्लायडर धरला. पडदा काळा झाला आणि जळलेला भाग तेवढा उजळला. खिडकीच्या वरच्या दोन तावदानांची जागा शुद्ध पांढरी दिसली, म्हणजे तिन्ही रंग संपलेले. लुगड्याच्या काठावर मात्र काहीच उजळले नाही. तो काठ फाइलमध्ये शाबूत होता, मीच दोन स्टॉपने त्याला घालवले होते.

तावदानांचा नाद सोडला. एक्स्पोजर फक्त अधिक १.१० ठेवले, हायलाइट्स उणे ४०, शॅडोज अधिक १५. चेहऱ्यावर मऊ कडांचा मास्क टाकून अर्धा स्टॉप दिला, तोही फक्त खिडकीकडच्या बाजूने फिरवून. काठावरची बारीक चौकडी दिसू लागली, गजांच्या कडा दिसू लागल्या, आणि बोटांवर चिकटलेला कापसाचा एक धागा दिसला, जो मला आधी दिसलाच नव्हता. डबे अंधारात ठेवले आहेत. एकाच डब्याच्या झाकणावर उजेडाची बारीक रेघ आहे, तिला हात लावला नाही.

आता ८ बाय १२ इंचांचा मॅट प्रिंट काढायचा आहे. मॅट कागदावर काळा पडद्यासारखा गडद येत नाही, असे म्हणतात. डब्यांचा भाग सपाट करडा दिसेल का, आणि त्यासाठी आधीच काही करावे का?

डार्करूमवाला | १९ ऑगस्ट, सकाळी ७:५०

आता नुसत्या डोळ्याने ठरवू नका, पट्टी काढा. त्याच फोटोतला चेहरा, काठ आणि डबे येतील असा उभा तुकडा कापा आणि त्याच्या चार प्रती करा. एक जशीच्या तशी, दुसरी पाव स्टॉप उजळ, तिसरी अर्धा स्टॉप उजळ, चौथी ब्लॅक्स उणे १० केलेली. चारही एका फाइलवर शेजारी शेजारी लावून त्याच मॅट कागदावर एक छोटा प्रिंट मागवा. लॅबवाल्याला ऑटो करेक्शन बंद ठेवायला आठवणीने सांगा, नाहीतर पट्ट्यांवरून घेतलेला अंदाज चुकेल. प्रिंट आला की दिवसा खिडकीपाशी धरून पाहा आणि रात्री दिव्यातही पाहा, कारण तो भिंतीवर जिथे लागेल तिथला उजेड शेवटी धरायचा असतो. मॅटवर माझा कल बहुतेक वेळा पाव स्टॉप उजळ पट्टीकडे जातो.

शिवडी_जेट्टी | १९ ऑगस्ट, सकाळी ९:०५

पुढच्या वेळेसाठी आणखी एक. आई बसतात त्याच्या समोर, चौकटीबाहेर, थर्मोकोलची एक पांढरी शीट भिंतीला टेकवून ठेवा. खिडकीचाच उजेड परतून सावलीतल्या गालावर येतो, त्याची दिशाही खोटी वाटत नाही, आणि संगणकावर अर्धा स्टॉप कमी उचलावा लागतो. त्याबरोबर मीटरिंग स्पॉटवर (फक्त एका छोट्या ठिपक्याचा उजेड मोजणाऱ्या पद्धतीवर) घेऊन चेहऱ्यावरून मोजा आणि तिथून दोन-तृतीयांश स्टॉप खाली या.

खिडकीपाशी | १९ ऑगस्ट, रात्री १०:४७

पट्टीची फाइल लॅबला पाठवली आहे, ऑटो करेक्शन बंद ठेवायला फोनवरही सांगितले. थर्मोकोलची शीट उद्या आणतो. गणपतीच्या वाती अजून वळून व्हायच्या आहेत, त्यामुळे रविवारी दुपारी आई त्याच जागी बसेल.